रेघेवर उजवा, रेघेखाली डावा

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं की अहो, तबला-पखवाज सोडून हे स्कॉटलंडचं ढोलकं कुठून काढलंत? रास्त प्रश्न आहे. संगीत कागदावर उतरलं की त्याचं काय होतं, या प्रश्नाभोवती आपण या मालेत फिरतो आहोत. त्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरं सापडलं नाही, म्हणून आज हे. पाइप बँडमध्ये स्नेअर ड्रम शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकवतात: काठी कशी धरायची आणि कागद कसा वाचायचा. आमचं म्हणणं असं आहे की या दोन्ही गोष्टी तिथे फार चांगल्या शिकवल्या जातात. मात्र ज्या तिसऱ्या गोष्टीसाठी या दोन शिकायच्या, ती बरेचदा राहून जाते. ती तिसरी म्हणजे पाइपवर चाललेली धून.

पाइप बँड आपण पाहिलेला असतो. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तिथे सैन्याचे पाइप बँड उतरतात. बेळगावला केंद्र असलेल्या आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीलाही पाइप आणि ड्रम नवे नाहीत. ब्रिटिश काळात स्कॉटिश पलटणींबरोबर हे वाद्य इकडे आलं आणि राहिलं. पण ड्रम शिकवायची आणि लिहायची जी पद्धत आज बेलफास्टपासून व्हँकुव्हरपर्यंत चालते, ती घडली स्कॉटलंडच्या नागरी बँडांमध्ये, कोळशाच्या खाणींच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या गावांत. तेव्हा आज मुक्काम तिथेच.

आधी बॅगपाइप नीट समजून घेऊ, कारण सगळा वाद तिथून निघतो. पिशवीत हवा भरलेली, काखेत दाबून धरलेली. एका नळीवर, म्हणजे चँटरवर, बोटं फिरतात. तिच्यातून सगळे मिळून नऊ सूर निघतात. खांद्यावरच्या तीन नळ्या एकच आधारसूर धरून बसतात. आपल्या सनईच्या मागे सूर धरणारा असतो ना, तसे. फरक एवढा की इथे सनईवालाही श्वासासाठी थांबत नाही. पिशवी भरलेली आहे तोवर आवाज चालूच. तो मोठा करता येत नाही, लहान करता येत नाही, मध्ये गप्प बसवता येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषभर टिचका द्यावा लागतो, नाहीतर दोन सूर एकमेकांत विरघळून जातात. पाइपर जोर दाखवतो तो लांबीतून आणि या टिचक्यांतून. आवाजाचा चढउतार त्याच्या हाती नाही.

मग तो कुणाच्या हाती आहे? ड्रमच्या. ठेका धरायचं मुख्य काम बेस ड्रमचं. टेनर ड्रम त्यात सूर आणि रंग भरतात, शिवाय काठ्या फिरवून डोळ्यांचीही सोय करतात. स्नेअरचं काम सगळ्यांत नाजूक आहे. धुनीचं वाक्य कुठे सुरू झालं, कुठे श्वास, कुठे वजन, कुठे शेवट, हे सगळं पाइपला बोलता येत नाही ते स्नेअरनं बोलायचं. एक ओळ हळू, दुसरी जोरात, तिसऱ्या ओळीत एकटा मुख्य ड्रमर, चौथ्या ओळीत सगळे. न थांबणाऱ्या त्या आवाजाला स्वल्पविराम आणि पूर्णविराम देणारा हा गडी. एकदा हे लक्षात घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: ज्याला वाक्यच माहीत नाही, तो विरामचिन्हं कुठे घालणार?

पण घाई नको, काठीकडे येऊ. आम्ही टीका करणार आहोत, तर आधी जे उत्तम आहे ते पाहिलं पाहिजे.

पाइप बँडचा स्नेअर ड्रम हा निर्दय प्रकार आहे. साध्या स्नेअरमध्ये खालच्या पडद्याला तारा लावलेल्या असतात. इथे वरच्या पडद्याच्या पोटालाही लावतात. गेल्या काही दशकांत पडदा आला केव्हलारचा, ज्या धाग्यानं गोळी अडवणारी जॅकेटं बनतात तो. तो इतका ताणतात की बोट आपटलं तर टेबलावर आपटल्यासारखं वाटावं. आवाज कोरडा, उंच, सुकं लाकूड फुटावं तसा. अशा ड्रमवर काही लपत नाही. सात-आठ जण एकत्र वाजवताना एकाचा घाव केसभर मागे पडला की मैदानाच्या पलीकडे ऐकू जातं. म्हणून तिथे हातांची एवढी शिस्त. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात ताशेवाला दोन काठ्यांनी जो कडकडाट करतो त्याचंही कौतुक आहेच, पण तिथे थोडी गर्दी मानवते, किंबहुना गर्दीची मजा असते. इथे सात जणांनी मिळून एक माणूस व्हायचं असतं.

तर हात. उजव्या हातात काठी वरून धरायची, हातोडी धरावी तशी, पण सैल. डावा हात उताणा. काठी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते आणि अनामिकेवर टेकते. नवशिक्याला हे विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. पूर्वी ड्रम खांद्यावरच्या पट्ट्यानं कमरेला एका बाजूला लटकायचा, तिरका. सरळ हातानं मारलं तर डावं मनगट कडेवर आपटायचं, म्हणून हात उताणा केला. आता ड्रम छातीवरच्या हार्नेसवर सपाट बसतो, तिरकेपणा गेला, पकड मात्र बहुतेक ठिकाणी राहिली. [हशा] हसू नका, आपल्याकडेही अशा पुष्कळ पकडी आहेत.

पहिले कितीतरी आठवडे ड्रमला हात लावायचाच नाही, रबरी पॅडवर काम. काठी टाकायची आणि ती स्वतःहून किती उसळते ते पाहायचं. ती उसळी दाबायची नाही, तिच्यावर स्वार व्हायचं. मग एकेरी घाव: उजवा, डावा, उजवा, डावा. मग दुहेरी: उजवा-उजवा, डावा-डावा. हे दुहेरी फार हळू सुरू करतात, वाढवत वाढवत नेतात, शेवटी ते मिटून एकसंध घरघर होते, आणि मग तसंच उलगडत परत हळू आणतात. मनगटाचं सगळं शिक्षण या एका व्यायामात आहे असं म्हटलं तरी चालेल. पाइप बँडचा खरा रोल याच्या पुढचा. त्यात प्रत्येक घावाला काठी किंचित दाबून तिला पडद्यावर थरथरू देतात.

काठीची उंची ही दुसरी गोष्ट. जोराचा घाव म्हणजे दात-ओठ खाऊन मारलेला घाव नव्हे, तो उंचावरून आलेला असतो. हळू घाव पडद्याजवळून येतो. फ्लॅम नावाचा प्रकार आहे: एक बारीक घाव आणि त्याला लागून एक मोठा. बारीक घावाची काठी पडद्यापासून दोन बोटांवर, मोठ्याची वर. दोन्ही एकाच वेळी सोडल्या तरी उंचीच्या फरकामुळे एक आधी पोचते, दुसरी मागून. [पॅडवर वाजवून दाखवतात] ऐकलंत? दोन घाव, पण कानाला एकच जाडसर घाव. उंची सारखी झाली की दोन्ही एकदम आदळतात आणि फ्लॅम सपाट होतो. नवशिक्यांचे निम्मे फ्लॅम सपाट असतात, आणि उपाय कानापेक्षा डोळ्यात आहे: आरसा समोर ठेवायचा. अशी स्वच्छ, कारण दाखवणारी हस्तविद्या फार थोड्या वाद्यांना मिळाली आहे. यात आम्हाला बोट ठेवायला जागा दिसत नाही.

आता एक गंमत पाहा. या घावांच्या प्रकारांना रूडिमेंट म्हणतात, आणि त्यांची नावं कान देऊन ऐका. फ्लॅम. एक अक्षर, एकच जाड घाव. दुहेरी घावांच्या रोलचं जुनं नाव ‘डॅडी-मॅमी’: डॅ-डी उजव्या हाताचे दोन, मॅ-मी डाव्या हाताचे दोन. पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, मग उलट, डावा उजवा डावा डावा. पॅ-रा-डिड-डल. शेवटचे दोन घाव एकाच हाताचे आहेत हे नाव उच्चारताना जिभेलाच कळतं. म्हणजे हे आपले बोलच झाले! ढोलकी किंवा तबला शिकलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. कधीकाळी हे सगळं तोंडानं शिकवलं जात असणार, हे या नावांच्या अंगावरच लिहिलेलं आहे. पाइपरांकडे तर तोंडी शिक्षणाची अख्खी भाषा होती, कांतरॅख नावाची. पिब्रॉक हा त्यांचा मोठा, गंभीर प्रकार. त्यातली प्रत्येक सुरावट आणि तिच्यावरचा टिचक्यांचा गुच्छ यांना ठरावीक अक्षरं होती. गुरू गायचा, शिष्य गायचा, मग पाइप हातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती अक्षरं लिहूनही ठेवली गेली. म्हणजे या परंपरेत तोंड होतं. ते हळूहळू गप्प कसं झालं, हा आजच्या व्याख्यानाचा मध्य.

इथे दोन नावं येतात. पहिलं फ्रिट्झ बर्गर, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा. बाझलच्या फासनाख्त उत्सवात पहाटे चारला शहराचे दिवे मालवतात आणि बासऱ्या आणि ड्रमची पथकं रस्त्यावर उतरतात. तिथलं ड्रमवादन फार जुनं आणि फार गुंतागुंतीचं. बर्गरनं १९२८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं रूढ केलेल्या लेखनाची युक्ती ऐकायला इतकी सोपी आहे की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. पाच रेघा काढून टाकायच्या. एकच रेघ. उजव्या हाताचा घाव रेघेच्या वर, डाव्या हाताचा खाली. झालं. लांबी नेहमीच्या चिन्हांनी, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर. जोराला चिन्ह, रोलला चिन्ह. बाकी काही नाही.

दुसरं नाव अ‍ॅलेक्स डथार्ट, १९२५ ते १९८६. स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमधला, शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया या बँडशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो. पलटणीच्या साध्या, ठसठशीत वादनावर वाढलेल्या पाइप बँडच्या ड्रमला त्यानं स्विस घावांची बारीक नक्षी दिली, आणि ही एका रेघेची लिपीही स्कॉटलंडमध्ये रुजवली. आज पाइप बँडचा कुठलाही ड्रमस्कोअर उघडा, ती एक रेघ दिसेल.

या लिपीची थोरवी कमी लेखू नये. पूर्वी पाच रेघांच्या कागदावर ड्रमचे सगळे घाव एकाच घरात ओळीनं बसायचे आणि कोणता हात ते खाली अक्षरं लिहून सांगावं लागायचं. डोळ्यानं दोन ओळी वाचायच्या, वर वेळ आणि खाली हात. एका रेघेच्या लिपीत दोन्ही एकाच नजरेत येतात. ज्याला संगीताचा गंध नाही असा दहा वर्षांचा मुलगा पंधरवड्यात सोप्या ओळी वाचू लागतो. आणि सात जणांनी एक माणूस व्हायचं तर हात सारखे हवेतच, कारण उजव्या घावाचा आणि डाव्या घावाचा आवाज कितीही कमावला तरी जरासा वेगळा पडतो. ही लिपी नसती तर आजचा पाइप बँडचा ड्रम इतका पुढे गेला नसता, हे आम्हाला मान्य आहे.

आता तक्रार. ही लिपी हाताला हुकूम देते. वर आहे, उजवा मार. खाली आहे, डावा मार. ऐकायला काय यावं याबद्दल ती फारसं बोलत नाही. तबल्याचा बोल घ्या. ‘धा’ म्हटलं की दोन्ही हात आले, ‘ती’ म्हटलं की दायाँ, ‘गे’ म्हटलं की बायाँ. हात त्यात आहेच. पण त्याच वेळी आवाजही आहे, आणि तो तोंडात आहे, म्हणून आठवणीत आहे. विद्यार्थी रस्त्यानं चालता चालता कायदा म्हणू शकतो. रेघेवरचा ठिपका रस्त्यानं चालताना म्हणता येत नाही. तो समोर कागद असेल तर दिसतो, नाहीतर हाताच्या स्नायूंत राहतो. मधलं घर, कान आणि जीभ, रिकामं राहू शकतं. रिकामं राहतंच असं नाही, पण राहिलं तर ही लिपी तक्रार करत नाही. विद्यार्थी वाचतो ते हातांचा क्रम, आणि त्याला वाटतं, आपण ताल वाचतो आहोत.

आम्ही एका वर्गात हे डोळ्यांनी पाहिलं; कुठला ते सांगायचं कारण नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, हात अतिशय तयार, रोल रेशमासारखा. दोन भागांच्या मार्चचा स्कोअर तिनं मेट्रोनोमवर एकही चूक न करता वाजवला. आम्ही म्हटलं, सुंदर, आता याची धून जरा गुणगुणून दाखव. ती शिक्षकांकडे बघायला लागली. धून तिला ठाऊकच नव्हती. कुणी ऐकवलीच नव्हती. शिक्षक म्हणाले, ते बँडमध्ये गेल्यावर कळतं. तिच्यात काही कमी नव्हतं. तिला व्याकरण शिकवलं होतं आणि वाक्य दडवून ठेवलं होतं.

ते बँडमध्ये गेल्यावर कळतं हे खरं का? थोडं खरं. पण तोवर हाताला कागदाची लांबी बसलेली असते, आणि पाइप बँडच्या संगीतात कागदाची लांबी ही अर्धवट माहिती असते. हा मुद्दा जरा तपशिलात घेऊ, कारण वाचन शिकवणाऱ्या प्राथमिक पुस्तकांचं खरं अपयश आम्हाला इथे दिसतं.

टिंब दिलेली क्वेव्हर आणि तिच्यामागे सेमीक्वेव्हर. एका ठोक्याचे चार समान तुकडे केले तर पहिल्याला तीन, दुसऱ्याला एक. मुलांना मोजायला शिकवतात: एक-ई-अँड-अ, त्यातला ‘एक’ मारा, ई-अँड गिळा, ‘अ’ मारा. गणित चोख. [टाळ्या वाजवून दाखवतात] आता हेच चित्र दोन-चारच्या मार्चमध्ये येतं, स्ट्रॅथस्पेमध्ये येतं, आणि पुष्कळ छापील रीलमध्येही येतं. तिन्ही ठिकाणी तीनास एक वाजवतात का? मुळीच नाही. मार्चमध्ये चांगले पाइपर लांब सूर आणखी ताणतात आणि आखूड आणखी कापतात. किती, ते त्या बँडचं वळण. स्ट्रॅथस्पेमध्ये चार ठोक्यांचं वजन एकसारखं नसतं, जोराचा, हलका, मध्यम, हलका असं चालतं, ड्रमच्या नक्षीत ठोक्याचे तीन तुकडे सारखे डोकावतात, आणि मधूनच आखूड सूर आधी आणि लांब मागून अशी ती प्रसिद्ध स्कॉटिश उचकी लागते. रील तर इतकी वेगात जाते की ते टिंब जवळजवळ गोल होऊन जातं. म्हणजे कागदावर एकच चित्र आणि कानात तीन वेगळ्या चाली. आपल्या लावणीचा आणि भजनाचा ठेका आकड्यांत कधी जवळ येतो, पण चालीत गल्लत होते का कुणाची?

मग ड्रमरनं लांबी कुठून घ्यायची? पाइपरच्या बोटांकडून. दुसरीकडे ती मिळतच नाही. ज्या मुलानं पॅडवर मेट्रोनोमबरोबर सहा महिने तीनास एक घोटलं आहे, त्याचा आखूड घाव पाइपच्या आखूड सुराच्या किंचित आधी पडतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही. एवढंच वाटतं की दोन चांगल्या गोष्टी शेजारी शेजारी चालल्या आहेत. दोष मुलाचा नाही आणि मेट्रोनोमचाही नाही. मेट्रोनोम ठोका कुठे आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. ठोक्याच्या आत काय आहे ते सांगायचं काम त्याला कुणी दिलं?

रोलचंही तसंच. कागदावर रोल म्हणजे एक लांबी आणि तिच्यावर खूण. नवशिका घरघर सुरू करतो आणि वेळ संपली की थांबतो. पण रोलच्या आत हातांच्या मोजक्या हालचाली असतात, त्याचा सांगाडा असतो. आधी सांगाडा साध्या घावांनी वाजवायचा, मग प्रत्येक घावाला थरथर द्यायची. सात जणांचा सांगाडा सारखा नसेल तर घरघर एकत्र सुरू होते आणि एकत्र संपत नाही. हे बहुतेक शिक्षक सांगतात, चांगलं सांगतात. राहतं ते असं की रोल कुठे चालला आहे. धुनीतला लांब सूर धरून ठेवणारा रोल आणि पुढच्या ओळीला ढकलणारा रोल कागदावर जुळे भाऊ दिसतात. एकाचा शेवट हळूच उतरायचा असतो, दुसऱ्याचा फुगत जाऊन पुढच्या ठोक्यावर आपटायचा असतो. कोणता कोणता, ते धून ऐकल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. जोराची खूण असेल तिथे कागद मदत करतो. नसेल तिथे मुलं रोल सपाट वाजवतात, आणि सपाट रोल म्हणजे विराम नसलेला परिच्छेद.

आणखी एक उदाहरण, आणि आमच्या मते सगळ्यांत बोलकं. पाइप बँडच्या स्कोअरमध्ये काही भाग एकटा मुख्य ड्रमर वाजवतो आणि काही ठिकाणी बाकीचे त्याला येऊन मिळतात. या मिळण्याच्या जागांना ‘चिप्स’ म्हणतात. कागदावर त्या घावांच्या खाली रेघ ओढून दाखवतात. नवशिका जेव्हा पहिल्यांदा बँडच्या वर्तुळात उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर कागद नसतो. सगळं पाठ. तो गप्प उभा आहे, मुख्य ड्रमर वाजवतो आहे, आणि त्याला नेमक्या क्षणी आत शिरायचं आहे. दोन मार्ग आहेत. एक, मनात मात्रा मोजत राहायच्या. दोन, धून ऐकत राहायची आणि ओळीच्या त्या वळणावर शिरायचं. पहिल्या मार्गानं जाणारा मुलगा पावसात, वाऱ्यात, पुढच्या बँडच्या गलक्यात एक आकडा चुकला की संपला. त्याला परत यायला जागा नाही. दुसऱ्या मार्गाचा मुलगा हरवला तरी पुढच्या ओळीला सापडतो, जसा आरतीत मध्येच शब्द विसरलेला माणूस धृपदाला हमखास सापडतो. वर्तुळात उभं राहून थरथर कापणाऱ्या मुलाला आपण कोणत्या मार्गानं पाठवतो, हा काही सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही. कित्येक मुलं पहिल्या दोन मोसमांत ड्रम सोडतात, आणि त्यांचे हात वाईट असतात असं आम्हाला तरी दिसलेलं नाही.

या सगळ्याला स्पर्धांची चौकटही जबाबदार आहे. स्कॉटलंडमध्ये पाइप बँडांची संघटना १९३० साली स्थापन झाली. पुढे तिच्या नावाला ‘रॉयल’ लागलं. दर ऑगस्टला ग्लासगो ग्रीनवर तिची जागतिक स्पर्धा भरते. तिथे बँडसमोर दोन परीक्षक पाइपचे, एक ड्रमचा, आणि एक एकत्र परिणामाचा. ड्रमच्या संघाला स्वतंत्र किताबही आहे. बँड एक जिंकतो आणि ड्रमचा किताब दुसरा बँड नेतो, असं घडू शकतं आणि घडतं. म्हणजे चाकाचे आरे वेगळे मोजायचे आणि चाक फिरतं का, हे पाहायला एक वेगळा माणूस ठेवायचा. तो ठेवला हे चांगलंच, पण तो ठेवावा लागला यात पुष्कळ काही आलं. उलट एकल स्पर्धेची रीत पाहा. तिथे ड्रमर एकटा स्पर्धक असतो, तरी पाइपर बरोबर घेऊनच उभा राहतो. जिम किलपॅट्रिकनं एकल वादनाचं जागतिक विजेतेपद १६ वेळा मिळवलं, ते पाइपच्या साथीनं. या कलेच्या शिखरावर धुनीशिवाय ड्रमला अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पायथ्याशीच तेवढं सांगायचं राहतं.

आता विरुद्ध बाजू. अनुभवी शिक्षक म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे, की आधी हात. वाकडी पकड घेऊन धुनीमागे धावणारा मूल दोन वर्षांनी परत पॅडवर आणावा लागतो, आणि वाकडा हात सरळ करणं हे नवा हात घडवण्यापेक्षा अवघड. शिवाय पाइपर प्रत्येक वर्गाला कुठून आणायचा? मान्य. पॅड, आरसा, मेट्रोनोम, एका रेघेचा कागद, यातलं काहीही कमी करा असं आम्ही म्हणत नाही. आमचं भांडण क्रमाशी आहे, आणि तेही थोडंसंच. पाइपर नसेल तर ध्वनिमुद्रण आहे, आणि तेही नसेल तर शिक्षकाला तोंड आहे.

‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ घ्या, चार-चारचा मार्च, नवशिक्यांच्या पहिल्या धुनींपैकी एक. पहिल्या आठवड्यात मूल एकेरी घाव शिकत असतं, तेव्हाच त्याला ती धून ऐकवा, गाऊन घ्या, पावलं टाकत चालवा. बँड सुरू होताना पाइप लागण्याआधी ड्रमचे तीन-तीन पावलांचे दोन रोल असतात. बीटिंग रिट्रीट पाहताना पाइप उमटण्यापूर्वीची ती घरघर तुमच्या कानावर पडली असेल. ते दोन रोल नुसते तोंडानं म्हणायला लावा, घर्रर्र करून, आणि त्यांच्या शेवटी धून उचलायला लावा. मुलं हसतील, हसू द्या. मग घावांना बोल द्या. इंग्रजी चालतील, मराठी मुलं असतील तर मराठी चालतील. ‘डॅडी-मॅमी’ची जागा ‘आई-बाबा’ घेऊ शकणार नाही, कारण ‘आई’त दुसरा घाव ऐकूच येत नाही, ‘काका-मामा’ मात्र फर्मास बसतं. [हशा] आणि मग, ओळ तोंडात आणि पायात बसल्यावर, तिचा कागद समोर ठेवा. तेव्हा तो मूल रेघेवरचा ठिपका पाहील आणि त्याला आठवेल, हां, हा त्या वळणावरचा घाव. त्याच्यासाठी तो ठिपका हुकूम राहणार नाही, आठवण होईल. यात किती आठवडे जास्त गेले? आमच्या अंदाजानं एकही नाही, कारण हे सगळं हात दुखायला लागल्यावरच्या विश्रांतीत करता येतं.

प्रश्न घेऊ या. हं, मागून.

श्रोत्यांमधून: डावखुऱ्या मुलानं काय करायचं? रेघेवर उजवा ठरलेलाच आहे, मग त्यानं स्कोअर उलटा वाचायचा का?

चांगला प्रश्न. बहुतेक ड्रमसंघांत त्याला इतरांसारखेच हात शिकायला सांगतात. कारण दुहेरी आहे: एक, आठ काठ्यांत एकच जोडी उलटी हलली तर डोळ्याला खुपते, दोन, स्कोअर वाचून पाठ करताना सगळे एकच भाषा बोलतात. आमचं निरीक्षण असं की डावखुऱ्या मुलांना त्या उताण्या डाव्या हाताची पकड इतरांपेक्षा लवकर जमते, आणि पाइप बँडच्या ड्रमरांचा दुबळा हात तोच असतो. त्यांचा उजवा मात्र मागे पडतो. अशा मुलाला आम्ही जोराचे घाव उजव्याला देऊन तोच पॅराडिडल दुप्पट वेळ करायला सांगू, आणि आरसा त्याच्या उजव्या बाजूला ठेवू. स्कोअर उलटा वाचू देऊ नका. सात जणांत तो एकटा पडेल.